चाल कुणाची, शब्द कुणाचे

माझ्या काकांचा मिरजेत लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न, बारसे, जत्रा, गणपती, निवडणुकीची सभा, सगळीकडे त्यांचे कर्णे आणि लाकडी खोकी जात असत, आणि शाळेला सुट्टी लागली की मी सांगलीहून त्यांच्याकडे मुक्कामाला जाऊन दिवसभर दुकानात सोल्डरिंग करत बसत असे. १९९४ च्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने बिघडलेला टेप दुरुस्तीला आणून दिला. त्यात एक कॅसेट अडकली होती आणि तिची फीत आतल्या रबरी चाकाभोवती इतकी घट्ट गुंडाळली गेली होती, की ती चिमट्याने उलगडायला मला अर्धा तास लागला. फीत एका जागी तुटली, तेव्हा दोन्ही टोके ब्लेडने तिरकी कापून मी ती चिकटपट्टीने जोडली, पेन्सिलीने चाक फिरवून फीत आत ओढून घेतली आणि जोड टिकतो की नाही हे पाहण्यासाठी कॅसेट लावली. आवाज आला तो अपाचे इंडियन या गायकाचा. शब्द काही पंजाबी होते, काही इंग्रजी होते आणि उरलेले अशा एका तिसऱ्या भाषेतले होते, जी इंग्रजीसारखी वाटत असूनही मला अजिबात कळत नव्हती.

त्या तिसऱ्या भाषेचा माग काढत मी जिथवर गेलो, त्याविषयी हा लेख आहे. ती जमैकाची बोली होती, तिच्यातले संगीत डान्सहॉल या नावाने ओळखले जाते, आणि ते न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमध्ये मिसळवणारी माणसे कोण होती हे समजून घेण्यात माझी गेली अनेक वर्षे मोठ्या आनंदात गेली आहेत.

अपाचे इंडियन म्हणजे स्टीव्हन कपूर. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ या वस्तीत पंजाबी कुटुंबात वाढलेल्या या मुलाने स्वतःला हे नाव घेतले, ते जमैकाच्या सुपर कॅट या गायकावरून, कारण सुपर कॅटला 'वाइल्ड अपाचे' असेही म्हणत असत. सुपर कॅटचे खरे नाव विल्यम मराघ. त्याची आई आफ्रिकी वंशाची आणि वडील भारतीय वंशाचे होते. १८४५ पासून पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत इंग्रजांनी छत्तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर करारावर जमैकात नेले आणि ऊस-केळीच्या मळ्यांवर राबवले. त्यांच्याबरोबर 'गांजा' हा शब्द तिकडे गेला आणि जमैकाच्या बोलीत कायमचा रुजला. मराघ हे आडनावही आपल्या 'महाराज'चेच तिकडचे रूप समजले जाते. मिरजेच्या दुकानात मला परका वाटलेला तो आवाज घडला होता एका पंजाबी मुलाच्या गळ्यात, त्याने तो उचलला होता जमैकाच्या एका गायकाकडून, आणि त्या गायकाचे पूर्वज कलकत्त्यासारख्या बंदरातून जहाजात बसवून पाठवलेले होते. हे कळले त्या दिवशी मी बराच वेळ नकाशा उघडून बसलो होतो.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात 'डीजे' म्हणजे मिरवणुकीतील ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, जिला आधी आपण 'डॉल्बी' म्हणत होतो. न्यूयॉर्कमध्ये डीजे म्हणजे तबकड्या वाजवणारा. जमैकात मात्र तबकड्या वाजवणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात आणि डीजे म्हणजे माईक हातात घेऊन चालू तबकडीवर लयीत बोलणारा माणूस. तिथल्या गरीब वस्त्यांत १९५० च्या दशकापासून साउंड सिस्टिमची प्रथा होती. मालकाने मोठे अॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढ्या पेट्या मोकळ्या मैदानात उभ्या करायच्या आणि लोकांनी तिकीट काढून नाचायला यायचे. क्लेमंट डॉड आणि ड्यूक रीड हे त्यातले दोन मोठे मालक होते आणि त्यांच्यात तुंबळ चुरस असे. पुढे दोघांनीही स्वतःचे स्टुडिओ काढले.

या मैदानांत एक विलक्षण गोष्ट घडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका तबकडीवर चुकून गायकाचा आवाज घालायचा राहून गेला आणि नुसते वाद्यांचे अंग वाजू लागताच जमलेल्या लोकांनीच ते गाणे म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. त्यानंतर तबकडीच्या मागच्या बाजूला आवाजाविना तेच गाणे देण्याची पद्धत पडली, आणि त्या मोकळ्या जागेवर डीजे आपले शब्द घालू लागले. यू-रॉय या डीजेने १९७० मध्ये ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांवर आपले बोलणे मुद्रित केले, तेव्हा त्या तबकड्यांनी सगळे जमैका डोक्यावर घेतले. एकच वाद्यांचे अंग, ज्याला ते लोक 'रिडिम' म्हणतात, आणि त्यावर दहा-वीस निरनिराळ्या लोकांची निरनिराळी गाणी, असा तिथला रिवाज झाला.

मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. माझे आजोबा भजनी मंडळात होते, आणि त्यांच्या वहीत प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर लाल शाईने 'चाल' असे लिहून पुढे कुठल्यातरी जुन्या पदाचा पहिला चरण लिहिलेला असे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटकाचा पहिला खेळ केला. त्यांच्या नंतरच्या काळात संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांतूनही पदाच्या वर चालीचा असाच उल्लेख येऊ लागला. चाल घेणे ही आपल्याकडे लपवण्याची गोष्ट नव्हती, ती वहीत सर्वांत वर लिहायची गोष्ट होती. 'रिडिम' या शब्दाला मी 'चाल' म्हणतो, ते या अर्थाने. संगीतशास्त्र्यांना कदाचित तो शब्द काटेकोर वाटणार नाही, पण त्यामागचा व्यवहार अगदी तोच आहे.

मी गेली बरीच वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून यातल्या एका माणसाविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. ऑस्बर्न रडक, म्हणजे किंग टबी, हा जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. तो स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळत असे, इतरांच्या साउंड सिस्टिमसाठी अॅम्प्लिफायर बांधून देत असे, आणि त्याच्या स्वतःच्या साउंड सिस्टिमवर यू-रॉयच बोलत असे. राहत्या घरातल्या लहानशा स्टुडिओत मिक्सरच्या कळा खालीवर करून तो गाण्यातून आवाज काढून घेई, नगारा आणि बास तेवढे ठेवी, मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देई. गाण्याचे तुकडे करून पुन्हा बांधता येतात आणि ते बांधणारा यंत्रज्ञ हाही कलावंतच असतो, हे त्याने करून दाखवले. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याच्या घराबाहेर त्याला कोणीतरी गोळी घालून मारले. वर्गात प्रतिध्वनीचे सर्किट शिकवताना मी त्याचे नाव न चुकता घेतो.

आता न्यूयॉर्क. क्लाइव्ह कॅम्पबेल हा किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला मुलगा १९६७ मध्ये आईवडिलांकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या भागात आला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत त्याच्या बहिणीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक कार्यक्रम ठेवला. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेशमूल्य होते. भावाने वडिलांच्या ध्वनियंत्रणेवर तबकड्या वाजवल्या. कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झालेल्या या मुलाने हेरले, की लोक गाण्याच्या त्या छोट्या भागाची वाट पाहतात जिथे नुसता ताल उरतो. तेव्हा एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन चकत्यांवर ठेवून तोच तालाचा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवू लागला. हिप-हॉपचा जन्म सांगताना सगळे या खोलीपाशी येऊन थांबतात आणि ते योग्यच आहे.

पण या गोष्टीतील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. हर्कने सुरुवातीला रेगेच्या, म्हणजे जमैकाच्या लोकप्रिय संगीताच्या, तबकड्या लावून पाहिल्या होत्या आणि ब्राँक्सच्या मुलांनी त्यांना दाद दिली नाही. त्याने मग जेम्स ब्राउनसारख्यांचे अमेरिकन फंक घेतले. मोठ्या पेट्या, जड बास, माईकवरून दिलेल्या हाका, तबकडीवर बोलण्याची सवय हे सगळे जमैकाचे राहिले, जमैकाचे संगीत तेवढे बाहेर ठेवावे लागले. म्हणून १९८० च्या दशकात ज्यांनी डान्सहॉल आणि हिप-हॉप एकत्र केले, त्यांनी दोन अनोळखी गोष्टींची गाठ घातली असे मी मानत नाही. भाऊबंदकीत वेगळी झालेली दोन घरे त्यांनी पुन्हा एका चुलीवर आणली.

जमैकाचे संगीत बाहेर ठेवावे लागण्याचे एक कारण लाज हेही होते. त्या काळात ब्राँक्समध्ये जमैकाचे असणे मिरवण्यासारखे नव्हते, आणि हर्कसारखी मुले आपला मूळचा हेल झाकून अमेरिकन उच्चार शिकत असत. हे वाचले तेव्हा मला माझे पुण्यातले पहिले वर्ष आठवले. वसतिगृहात मी कोणाला तरी सहज "काय करालायस?" असे विचारले आणि पुढचे सहा महिने तो शब्द माझ्या पाठीमागे फिरत राहिला. कृष्णाकाठच्या मराठीत कानडीचा जो गोडवा मिसळला आहे, तो मी त्या वर्षी शक्य तितका पुसून टाकला, आणि सांगलीला घरी आलो की पुन्हा अंगावर घेत असे. आपली बोली चारचौघांत मोठ्याने बोलता येणे ही किती मोठी सुटका असते, हे ज्याने ती कधी गिळली आहे त्यालाच कळते.

ही सुटका न्यूयॉर्कमध्ये एकदम झाली नाही. १९६५ च्या नव्या कायद्याने अमेरिकेत येण्याचे जुने निर्बंध सैल झाले आणि ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश व क्राउन हाइट्समध्ये आणि ब्राँक्सच्या उत्तर भागात कॅरिबियन वस्ती झपाट्याने वाढत गेली. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथे जन्मलेली किंवा लहानपणी आलेली मुले तरुण झाली होती. आईवडिलांच्या घरी रेगे आणि रस्त्यावर रॅप, अशी दोन्ही त्यांच्या कानांवर पडत होती. १९८५ मध्ये रन-डीएमसी या गाजलेल्या चमूने जमैकाच्या यलोमॅनला सोबत घेऊन एक गाणे केले. ते गाणे मला फारसे आवडत नाही, कारण त्यात दोन्ही बाजू शेजारी शेजारी उभ्या राहतात, मिसळत नाहीत. पण न्यूयॉर्कच्या पहिल्या रांगेतल्या रॅपरांनी जमैकाच्या डीजेला बरोबरीने बोलावले, ही घटना म्हणून तिचे मोल आहे.

त्याच वर्षी जमैकात एक यांत्रिक बदल झाला, आणि त्याशिवाय पुढची मिसळण इतकी सहज झाली नसती. वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या दोघांना कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेला एक ताल सापडला. त्यांनी तो प्रिन्स जॅमी या निर्मात्याकडे नेला, जॅमीने त्याची गती कमी केली आणि त्यावर वेन स्मिथचे 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणे उभे राहिले. तो ताल कॅसिओसाठी ओकुदा हिरोको या तरुण जपानी स्त्रीने रचला होता, आणि तिने आपल्या पदवीसाठीचा प्रबंध रेगे संगीतावरच लिहिला होता. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत कुठल्याही कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, त्यामुळे ही गोष्ट मी मिरजेच्या वादकांना सांगतो तेव्हा ते फार खूश होतात. या गाण्यानंतर जमैकाचे संगीत वादकांच्या ताफ्याकडून यंत्रांकडे वळले, आणि न्यूयॉर्कचे रॅप तर आधीच तालयंत्रावर चालत होते. दोन्हीकडचा आवाज आता एकाच जातीचा झाला, दोन्हींची गतीही जवळपास सारखीच होती, आणि वाजवणाऱ्याला एका तबकडीवरून दुसरीवर जाताना अडखळावे लागेना.

दोन्ही तालांतला फरक मी केरव्याच्या आठ मात्रांवर समजावून सांगतो. टेबलावर बोटाने एक ते आठ मोजा. हिप-हॉपचा साधा ठेका घेतला, तर पहिल्या मात्रेवर खालचा जड ठोका आणि पाचव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर खालीच्या जागी, वरचा कडक ठोका पडतो. डान्सहॉलमध्ये पहिली मात्रा तीच, पण पुढचे ठोके चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पडतात, म्हणजे तीन-तीन-दोन अशी विभागणी होते आणि खालीची जागा मोकळी राहते. समेवर दोघे एकत्र भेटतात, पाचवीवर एक मारतो आणि दुसरा चुकवतो. आता कल्पना करा, की खाली हिप-हॉपचा ठेका चालू आहे आणि वर जमैकाचा डीजे चौथ्या-सातव्या मात्रेवर झुकत बोलतो आहे. त्या दोहोंमध्ये जो ताण तयार होतो, तो कानाला कळण्याआधी पायांना कळतो. १९९० च्या सुमाराच्या सगळ्या उत्तम मिश्रणांचे बळ मला या पाचव्या मात्रेत दिसते.

बूगी डाउन प्रॉडक्शन्स या ब्राँक्सच्या रॅप-जोडीचे नाव येथे सर्वांत आधी घ्यायला हवे. केआरएस-वन हा बेघर तरुण ब्राँक्सच्या एका निवाऱ्यात राहत होता आणि स्कॉट ला रॉक हा त्याच निवाऱ्यात समाजसेवक होता. रात्री स्कॉट डीजे म्हणून तबकड्या वाजवत असे. या दोघांनी १९८७ मध्ये 'क्रिमिनल माइंडेड' हा गाण्यांचा संच, म्हणजे अल्बम, काढला. त्यातल्या गाण्यांत केआरएस-वन चालू रॅपमधून एकदम जमैकाच्या उच्चारांत शिरतो, यलोमॅनच्या एका प्रसिद्ध गाण्याची लकेर उचलतो, आणि पुन्हा ब्राँक्सच्या बोलीत येतो, तेही कुठे सांधा न दिसता. ती लकेर पुढे इतक्या रॅपरांनी वापरली, की १९९८ मध्ये ब्लॅक स्टार या ब्रुकलिनच्या जोडीने ती घेतली तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती केआरएस-वनचीच वाटत असणार.

त्याच संचातले 'द ब्रिज इज ओव्हर' हे गाणे तर माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा खांब आहे. न्यूयॉर्कच्याच क्वीन्सब्रिज वस्तीच्या एमसी शॅन या रॅपरने आपल्या वस्तीचा गौरव करणारे गाणे काढले होते, त्याला ब्राँक्सकडून दिलेले हे उत्तर. जमैकात दोन साउंड सिस्टिम एकमेकींसमोर लावून रात्रभर एकमेकींना गाण्यातून पाणी पाजण्याची जी प्रथा आहे, तिला साउंड क्लॅश म्हणतात, आणि केआरएस-वनने रॅपमधले भांडण त्याच रीतीने लढवले. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूच्या शाहिराने टाकलेले कोडे दुसऱ्या बाजूला तिथल्या तिथे सोडवावे लागते, आणि सोडवणाराने ते त्याच चालीत, वर अधिक चढा सूर लावून परतवले की मंडप हलतो. 'द ब्रिज इज ओव्हर' ऐकताना मला तेच ऐकू येते. या उत्तरासाठी त्याने जी चाल घेतली, ती सुपर कॅटच्या 'बूप्स' या गाण्याची होती. ऑगस्ट १९८७ मध्ये एक भांडण मिटवायला गेलेल्या स्कॉट ला रॉकचा गोळी लागून मृत्यू झाला. तेव्हा तो संच बाहेर पडून सहा महिनेही झाले नव्हते. केआरएस-वन पुढेही जमैकाकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला. स्लाय आणि रॉबी या जमैकाच्या ताल-बासच्या थोर जोडीचा १९८९ चा एक संच त्यानेच घडवला, आणि १९९१ मध्ये जमैकाचा डीजे शाबा रँक्स याच्याबरोबरही त्याने गाणे केले.

केआरएस-वनचे नाव सगळे घेतात. शाइनहेडचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. एडमंड कार्ल एकन हा लंडनमध्ये जन्मला, जमैकात आणि मग ब्राँक्समध्ये वाढला आणि आफ्रिकन लव्ह या न्यूयॉर्कच्या साउंड सिस्टिमवर माईक धरू लागला. त्या काळात गाणारा वेगळा, लयीत बोलणारा वेगळा आणि रॅप करणारा वेगळा, अशी वाटणी होती. शाइनहेड तिन्ही करत असे, शिवाय सुरेल शीळही घालत असे. १९८४ मध्ये त्याने मायकल जॅक्सनचे अतिशय गाजलेले 'बिली जीन' रेगेच्या चालीवर म्हटले, १९८६ मध्ये 'रफ अँड रग्ड' हा संच काढला आणि १९८८ मध्ये 'युनिटी' हा संच एका मोठ्या अमेरिकन कंपनीकडून आणला. 'रफ अँड रग्ड' ऐकताना एका गाण्यात तो रेगेचा गोड गळ्याचा गायक असतो आणि पुढच्या गाण्यात ब्राँक्सच्या कोपऱ्यावरचा रॅपर, आणि दोन्हींपैकी कुठलेही सोंग वाटत नाही. केआरएस-वन रॅपच्या घरातून रेगेच्या अंगणात जाऊन येतो. शाइनहेड दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतल्या दारातच राहायला आहे. पहिला कोण, या वादात मला रस नाही, पण दोन्ही बाजू एकाच देहात पूर्ण वसलेला पहिला माणूस मला तोच वाटतो.

लंडनमध्येही याच काळात हे घडत होते. स्मायली कल्चरने १९८४ मध्येच लंडनच्या कामगार वस्तीची बोली आणि जमैकाची बोली यांचा शब्दाला शब्द लावून एक गाणे केले होते, आणि १९८८ मध्ये अॅशर डी व डॅडी फ्रेडी या जोडीने 'रॅगामफिन हिप-हॉप' नावाचाच संच काढला. डॅडी फ्रेडीच्या बोलण्याचा वेग चकित करणारा आहे, मात्र दोन गाण्यांनंतर मला त्याचा थकवा येतो.

पुढे लाट आली. शाबा रँक्सच्या १९९१ च्या संचाला रेगेसाठीचे ग्रॅमी मिळाले. जमैकात जन्मून न्यूयॉर्कजवळ वाढलेल्या हेवी डी या रॅपरने सुपर कॅटबरोबर गाणे केले. सलाम रेमी या तरुण निर्मात्याने सुपर कॅटच्या 'घेटो रेड हॉट'ला हिप-हॉपचा ठेका दिला, आणि त्यात वर सांगितलेली पाचवी मात्रा अशी काही पडते, की मूळ गाणे त्यापुढे मला अर्धे वाटते. त्यानेच घडवलेले इनी कमोझीचे एक गाणे १९९४ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९९३ मध्ये सुपर कॅटच्या 'डॉली माय बेबी'चे जे नवे रूप निघाले, त्यात एका जाडजूड, तोवर जवळपास अनोळखी तरुणाचा आवाज आहे. त्याची आई जमैकाहून ब्रुकलिनला आलेली होती, आणि पुढच्या वर्षी पहिला संच निघाल्यावर तो नटोरियस बी.आय.जी. म्हणून जगभर गाजला.

या काळातल्या सगळ्याच गाण्यांची बाजू मला घेता येत नाही. काही डीजेंनी समलिंगी माणसांविरुद्ध हिंसेला उघड चिथावणी देणारे शब्द म्हटले, आणि चाल कितीही उत्तम असली तरी ती गाणी मी लावत नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. जमैकाच्या सिस्टर नॅन्सीने १९८२ मध्ये 'बाम बाम' हे गाणे म्हटले. त्याची चाल 'स्टॅलॅग' नावाची, १९७० च्या दशकातली. हिप-हॉपवाल्यांनी तिचा आवाज पुढची तीस-पस्तीस वर्षे उचलून आपल्या गाण्यांत बसवला, कान्ये वेस्टने २०१६ मध्ये आणि जे-झीने २०१७ मध्येही तो घेतला. ती मात्र अमेरिकेत न्यू जर्सीला एका बँकेत हिशेबाचे काम करत होती आणि तीन दशके तिला या गाण्याचा मोबदला मिळाला नव्हता. २०१४ मध्ये एका जाहिरातीत स्वतःचा आवाज ऐकल्यावर तिने वकील केला, आणि मग कुठे तिला हक्काचा काही वाटा मिळाला. आजोबांच्या वहीत चालीच्या धन्याचे नाव लाल शाईने सर्वांत वर होते. चाल फिरती ठेवणे मला मान्य आहे, किंबहुना त्याशिवाय हे संगीतच झाले नसते, पण ती लाल ओळ खोडून चाल घेणे मला मान्य नाही.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. धंदा त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच बंद केला, कारण डॉल्बीच्या भिंती उभ्या करून घराघरातल्या म्हाताऱ्यांची झोप मोडण्याचे काम त्यांना करायचे नव्हते. सागवानी बासची एक पेटी मात्र त्यांनी विकली नाही. गेल्या दिवाळीत तिचा फाटलेला पडदा मी बदलून दिला आणि चाचणीसाठी 'द ब्रिज इज ओव्हर' लावले. काका आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते, हाताची बोटे खुर्चीच्या दांड्यावर चालू होती.

"ह्यातली मूळ चाल कुणाची म्हणायची?" त्यांनी विचारले.

मी सुपर कॅटचे 'बूप्स' लावले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हीबी कुणाकडनं तरी घेतलीया. ही चाल जुनी हाय."

काकांना जमैका नकाशात दाखवता येणार नाही, पण ते बरोबर होते. मी १९६८ चे 'फील लाइक जंपिंग' शोधून काढले, क्लेमंट डॉडच्या स्टुडिओत मार्शिया ग्रिफिथ्स या तेव्हा विशीतही न पोहोचलेल्या मुलीने म्हटलेले. पेटीतून तो बास मोकळा, गोल होऊन बाहेर आला आणि तिचा आवाज त्यावर उड्या मारत गेला. काकूही स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

गाणे संपल्यावर काकांनी डोळे उघडले.

"ह्या पोरीचं लाव बघू परत," ते म्हणाले.